मर्ल हॅगर्ड कुणाच्या बाजूचा होता?

(दृश्य: निवडणूक सभा, झेंडे, काउबॉय टोप्या घातलेली गर्दी)

डोनाल्ड ट्रम्प सभेच्या मंचावर येतात, तेव्हा लाउडस्पीकरवर बहुतेक वेळा एकच गाणं वाजतं. कंट्री गायक ली ग्रीनवुडचं, १९८४ सालचं ‘गॉड ब्लेस द यू.एस.ए.’. अशा सभा पाहून जगाचा, आणि कित्येक अमेरिकनांचाही, एक समज पक्का झालाय: कंट्री म्हणजे गोऱ्यांचं, खेड्यातलं, दक्षिणेकडचं आणि उजव्या विचारांचं संगीत. या गाण्यांवर आमचा जीव आहे, म्हणून ही ओळख त्यांना कुणी दिली, हे शोधावंसं वाटलं. या शोधात सगळ्यात जास्त कोड्यात टाकतो तो कंट्री गायक मर्ल हॅगर्ड. त्याच्यापर्यंत पोचायला थोडं मागून सुरू करू.

(दृश्य: ब्रिस्टलचा मुख्य रस्ता, जुनी छायाचित्रं)

ब्रिस्टल. टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सीमा या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते. १९२७च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरने इथे टोप्यांच्या एका गोदामात ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं. गाणारं कार्टर कुटुंब आणि गायक जिमी रॉजर्स, दोघांचीही पहिली गाणी त्याच आठवड्यात मुद्रित झाली. या संगीतातला बॅन्जो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं वाद्य. ए. पी. कार्टर पुढे गावोगाव गाणी गोळा करत फिरायचे, तेव्हा सोबत असायचा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक. चाली त्याच्या डोक्यात बसायच्या आणि मग कार्टर कुटुंबाच्या गळ्यातून बाहेर पडायच्या.

पण रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानांसाठी दोन याद्या केल्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्ड ‘रेस’ नावाखाली, गोऱ्यांच्या ‘हिलबिली’ नावाखाली. डोंगरातली माणसं एकमेकांच्या चाली उचलत होती आणि विक्रेते त्यांची वर्णाप्रमाणे वाटणी करत होते. पुढचं सगळं राजकारण या वाटणीवर उभं आहे.

नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. एका विमा कंपनीने आपल्या केंद्रावर १९२५ साली तो सुरू केला. त्याच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक होता डीफोर्ड बेली, हार्मोनिकावर धावत्या आगगाडीचा आवाज काढणारा कृष्णवर्णीय कलावंत. १९४१ साली त्याला काढून टाकलं. कंट्रीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला जागा मिळाली ती २००५ साली. तोवर तो जाऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

(दृश्य: ऑइलडेल, कॅलिफोर्निया)

आता मर्ल हॅगर्डकडे येऊ. ओक्लाहोमातून कामाच्या शोधात कॅलिफोर्नियात आलेलं कुटुंब, राहायला रेल्वेच्या जुन्या डब्याचं केलेलं घर. मर्लचा जन्म १९३७चा. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. पोरगा हाताबाहेर गेला आणि विशीत सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पोचला. ओक्लाहोमाकडून आलेल्या या कष्टकऱ्यांना कॅलिफोर्नियात ‘ओकी’ म्हणून हिणवायचे.

१९६९ साली, व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असताना, हॅगर्डने ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ म्हटलं. ओक्लाहोमातल्या आमच्या मस्कोगी गावात कुणी गांजा ओढत नाही, सैन्यभरतीची कार्डं कुणी जाळत नाही, असं छाती पुढे काढून सांगणारं गाणं. ज्यांना आयुष्यभर हिणवलं गेलं, त्यांना ते आपलं वाटलं. आम्हाला यात आधी त्या माणसांचा दुखावलेला मान ऐकू येतो. राजकारण्यांना ऐकू आली ती मतं.

मतांचं गणित असं होतं. दक्षिणेतले गोरे मतदार पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे. १९६४चा नागरी हक्क कायदा झाला आणि ते नातं तुटू लागलं. १९६८च्या निवडणुकीत वंशभेदाचा पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस तिसऱ्या पक्षातर्फे लढला आणि त्याने दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली. त्याच्या सभांमध्ये कंट्रीचा वाद्यवृंद असायचाच. निवडून आलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या निक्सनना हेच मतदार आपल्याकडे हवे होते.

(दृश्य: व्हाइट हाउस, १७ एप्रिल १९७०)

निक्सन यांनी कंट्री गायक जॉनी कॅशला व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावलं. कार्यालयाकडून आधीच फर्माईश गेली: हॅगर्डचं ‘ओकी’ म्हणा, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांची टिंगल करणारं ‘वेलफेअर कॅडिलॅक’ म्हणा. कॅशने दोन्ही नाकारली. त्याऐवजी राष्ट्राध्यक्षांसमोर त्याने स्वतःचं नवं गाणं म्हटलं, प्रश्न विचारणाऱ्या तरुण पोरांची बाजू घेणारं. या प्रसंगाला आमच्या मते या इतिहासात फार मोठी जागा आहे. फर्माईश आणि नकार, दोन्ही कंट्रीचेच.

हॅगर्डला स्वतःला काय हवं होतं? ‘ओकी’च्या यशानंतर त्याला पुढची रेकॉर्ड काढायची होती ‘इर्मा जॅक्सन’. एका गोऱ्या पुरुषाच्या आणि कृष्णवर्णीय स्त्रीच्या प्रेमाचं हे गाणं. कंपनीने ते बाजूला ठेवलं आणि बाजारात आणलं ‘द फायटिन साइड ऑफ मी’, देशाला नावं ठेवणाऱ्यांना दम देणारं. ‘इर्मा’ लोकांपर्यंत आली १९७२ साली, एका अल्बममधलं एक गाणं म्हणून. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी हॅगर्डला जुन्या गुन्ह्यांसाठी पूर्ण माफी दिली. ही दोन गाणी उलट क्रमाने आली असती तर? हा विचार आमची पाठ सोडत नाही.

मार्च १९७४मध्ये निक्सन स्वतः ऑप्रीच्या नव्या नाट्यगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि मंचावर पियानो वाजवला. वॉटरगेट घोटाळ्याने चोहीकडून घेरलेला माणूस टाळ्यांसाठी इथे आला होता. त्या त्याला मिळाल्याही.

(दृश्य: रेडिओ केंद्रं, मनोरे)

१९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती रेडिओ केंद्रं असावीत, यावरची मर्यादा उठवली. काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे हजाराहून अधिक केंद्रं आली. पूर्वी कुठलं गाणं लावायचं हे गावातला निवेदक ठरवायचा. आता ते दूरच्या मुख्यालयात ठरू लागलं.

१० मार्च २००३. इराकवर हल्ला व्हायला दहा दिवस होते. लंडनच्या मंचावरून ‘डिक्सी चिक्स’ या तिघींच्या कंट्री बँडची गायिका नॅटली मेन्स म्हणाली की राष्ट्राध्यक्ष बुश आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. त्या वेळी या तिघींचं गाणं कंट्रीच्या यादीत अव्वल स्थानाकडे निघालं होतं, आणि ते गाणं होतं युद्धावर गेलेल्या एका तरुण सैनिकाचं. काही आठवड्यांत ते रेडिओवरून नाहीसं झालं. क्युम्युलस या रेडिओ कंपनीने आपल्या सगळ्या कंट्री केंद्रांवर त्यांना बंदी घातली. लुइझियानात त्यांच्या सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या गेल्या. प्रकरण सेनेटच्या समितीपुढे गेलं. बंदीमागे श्रोत्यांचा राग होता, हे खरंच. पण एका आदेशाने इतकी केंद्रं गप्प करता येतात, ही सोय कायद्याने करून दिली होती.

तेव्हा त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभं राहणाऱ्यांत एक नाव होतं मर्ल हॅगर्ड. जे चाललंय ते झुंडीने जीव घेण्यासारखं आहे, अशा अर्थाचं तो बोलला. २००७ साली त्याने हिलरी क्लिंटन यांच्या समर्थनार्थ गाणंही लिहिलं. मस्कोगीवाल्या गाण्याचे चाहते बुचकळ्यात पडले असतील, पण रेल्वेच्या डब्यातल्या त्या घरापासून पाहिलं तर यात विसंगती दिसत नाही. खालच्याला वरचा दाबतोय असं दिसलं की हा माणूस उठून उभा राहायचा. वरचा कोण, एवढंच दर वेळी बदलायचं.

(दृश्य: व्हर्जिनियातलं जंगल, एकटा गिटारवाला)

ऑगस्ट २०२३मध्ये ऑलिव्हर अँथनी या अनोळखी गायकाचं ‘रिच मेन नॉर्थ ऑफ रिचमंड’ थेट बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं. तुटपुंजा पगार, कर, वॉशिंग्टनमधले श्रीमंत. उजव्यांनी गाणं डोक्यावर घेतलं. सरकारी मदत घेणाऱ्यांवरच्या एका ओळीमुळे डाव्यांनी झोडपलं. रिपब्लिकन उमेदवारांच्या मिलवॉकीतल्या वादसभेत पहिलाच प्रश्न या गाण्यावर आला. दोनच दिवसांनी अँथनीने व्हिडिओ टाकून सांगितलं: त्या मंचावर जे उभे होते, हे गाणं मी त्यांच्यावरच लिहिलंय.