लेकराच्या वेगाची नाव

(लातुरातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत सेवानिवृत्त पाटबंधारे अभियंत्याने दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून.)

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झाला आणि मला फोन सुरू झाले. एकानं तर सरळ विचारलं, "साहेब, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावात तुम्ही पाण्यावर घसरायच्या खेळाची नाव कशी घ्यायची ते सांगणार?" मी म्हटलं, सांगणार. पाणी कमी असलं म्हणून पाण्याचं शास्त्र कमी होत नाही. आणि या सभागृहात ज्यांची लेकरं-नातवंडं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आहेत त्यांनी हात वर करा बरं. बघा, निम्मं सभागृह झालं.

माझी मुलगी मिनेसोटात असते. तिथं तळ्याच्या काठावर घर म्हटलं की दारात गाडी आणि धक्क्याला नाव. दोन्ही नातवंडं एका स्कीवर, म्हणजे पायाला बांधायच्या एका लांब फळीवर, घसरायला शिकली, आता त्यांना स्लॅलमचं वेड लागलंय. जावईबापूंनी नावांची माहितीपत्रकं गोळा केली आणि मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, जन्मभर धरणांवर लाटांचे हिशेब केलेत ना, मग यातली कुठली घ्यायची ते सांगा." धरणाच्या मातीच्या भिंतीवर लाट किती चढेल, पाण्याच्या वर भिंत किती उंच ठेवायची, म्हणजे फ्रीबोर्ड किती, उतारावर दगडांचा थर, म्हणजे पिचिंग, किती जाड घालायचं, हे आमचं रोजचं काम. पण तिथं लाट वाऱ्याची. ही लाट आपणच पैसे मोजून विकत घ्यायची. म्हणून जरा अभ्यास केला.

आधी खेळ सांगतो. नाव पुढं धावते आणि तिला बांधलेली दोरी धरून खेळाडू मागं पाण्यावर उभा घसरतो. १९२२ साली मिनेसोटातल्याच लेक सिटी गावात राल्फ सॅम्युअलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं पायाला दोन फळ्या बांधल्या, भावाला नाव हाकायला लावली आणि पेपिन तळ्यावर उभा राहिला. तळं म्हणतात, पण ती मिसिसिपी नदीच आहे, तिथं पात्र रुंद झालंय एवढंच. पुढं दोन फळ्यांची एक झाली आणि तिच्यावर वळणं घ्यायची शर्यत आली, ती स्लॅलम.

स्लॅलमचा पट्टा २५९ मीटर लांब. नाव मधून सरळ जाते. डावी-उजवीकडे मिळून सहा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोळे, असतात, प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर. खेळाडूनं सुरुवातीच्या दोन बोयांच्या फाटकातून आत शिरायचं, सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा आणि शेवटच्या फाटकातून निघायचं. ५८ किलोमीटरच्या वेगाला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या मर्यादेला, हे सगळं सोळा सेकंदांत उरकतं. सहा जमले की वेग वाढवायचा. वेगाची मर्यादा गाठली की दोरी आखूड करायची: १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि पुढे. हिशेब करा, ११.२५ ची दोरी बोयापर्यंत पोचतच नाही. पठ्ठे पाण्यावर जवळजवळ आडवे होतात आणि हात लांबवून बोयाला वळसा घालतात.

आपलं लेकरू तिथं नाही. नऊ-दहा वर्षांचं, पंचवीस-तीस किलोचं लेकरू चाळीसच्या आसपासच्या वेगानं, कधी त्याहूनही कमी, १८.२५ किंवा त्याहून लांब २३ मीटरच्या दोरीवर घसरत असतं. चाळीसला तोच पट्टा तेवीस सेकंदांचा होतो. आणि एका फेरीत त्याला नावेमागची लाट सहा-सात वेळा ओलांडावी लागते. लाटही एक नाही, दोन. नावेच्या पाठीमागे पाण्याचे दोन बांध पसरत जातात, मधे फेसाळलेला सपाट पट्टा. एका बांधावरून आत, दुसऱ्यावरून बाहेर.

आता गंमत ऐका. नाव जितकी हळू तितकी लाट लहान, असं आपल्याला वाटतं. एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. सहा मीटर लांबीची नाव ताशी अकरा किलोमीटरपर्यंत पाणी कापत गुमान जाते. त्यापुढं ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते. नाक वर, बूड खाली, इंजिन ओरडतंय आणि मागं पाण्याचा डोंगर. वेग आणखी वाढवला की तळ पाण्यावर उचलला जातो, नाव घसरायला लागते, बूड वर येतं आणि मग लाट बसत जाते. म्हणजे ५८ ला जी नाव मागं फक्त रेघ ओढते, तीच ३५ ला पोराच्या गुडघ्याएवढं पाणी उभं करू शकते. मोठ्यांच्या वेगाला सपाट, लहानांच्या वेगाला उंच. माहितीपत्रकातला फोटो बहुतेक वेळा मोठ्यांच्या वेगाचा असतो. मी सगळं सांगणार आहे ते या एका गोष्टीभोवती: नाव बघायची ती लेकराच्या वेगाला, लेकराच्या दोरीला आणि नेहमी बसणारी माणसं आत बसवून. विक्रेत्याच्या वेगाला नाही.

उंचीवरच नजर ठेवली तरी फसाल. लाटेची उंची वेगळी आणि कडकपणा वेगळा. आपल्याकडं गावाबाहेर नवा सिमेंटचा गतिरोधक टाकतात, हातभर उंच नसतो पण कडा अशा की मोटारसायकलवरून दात वाजतात. आणि जुना डांबरी, गाड्यांनी घासून घासून बसलेला, उंच असला तरी पार होतो. लाटेचंही तसंच. हवा मिसळलेली, पांढऱ्या फेसाची लाट मऊ असते, स्की तिच्यातून जाते. काचेसारखी स्वच्छ, धार असलेली लाट उंचीनं कमी असली तरी स्कीचं टोक वर फेकते. नावेच्या मागं उभं राहून दोन्ही बांधांच्या माथ्यावर फेस आहे की चकाकी, एवढं पाहिलं तरी निम्मी परीक्षा होते.

आणि लेकराला ते का लागतं? ऐंशी किलोचा बाप गुडघे मोडतो आणि धक्का पोटऱ्यांत जिरवतो. लेकराची गुडघ्यांची चाल असतेच किती? नातवाचा व्हिडिओ मी संथ गतीनं पाहिला. बोया सोडला, छान वाकला, दोरी ताठ, आणि लाटेच्या चार-पाच फूट आधीच उभा राहिला. स्की सपाट, हात पुढं ताणलेले. पहिल्या बांधानं त्याला वर उचललं, दोरी सैल पडली, दुसऱ्या बांधावर आपटून परत ताणली तेव्हा मूठ हातातून गेली. त्याचा बाप म्हणाला, घाबरतो. मी म्हटलं, शहाणा आहे. जिथं आपटतो तिथं सावध होतो. पण ही उभं राहायची सवय एकदा अंगात मुरली की चांगल्या नावेमागंसुद्धा निघत नाही, आणि स्लॅलमचा सगळा वेग तर लाटेपर्यंत वाकून राहण्यातच आहे.

आता नावा. प्रकार बरेच, पण तुम्हाला फरक इंजिन कुठं आहे यावरून करायचाय. स्लॅलमच्या स्पर्धेची नाव म्हणजे मध्ये इंजिन, तिथून तिरका दांडा थेट खाली, पंखा तळाखाली. मास्टरक्राफ्टची प्रोस्टार, नॉटिकची स्की नॉटिक, मालिबूची रिस्पॉन्स, ही या घराण्यातली नावं. वजन मध्यावर असल्यानं बूड दबत नाही, हळू वेगालाही लाट आटोक्यात राहते. पंखा तळाखाली म्हणजे पाठीमागच्या फळीवरून पाण्यात उतरणाऱ्या पोरापासून लांबही, पण म्हणून इंजिन सुरू असताना कुणाला त्या फळीवर बसू देऊ नका. पंख्याचं सोडा, धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि वासही देत नाही. या नावांची खोड एकच: इंजिनाचा खोका नावेच्या मध्यात, पाय पसरायला जागा नाही.

दुसरा प्रकार, इंजिन अगदी मागं, दांडा उलटा फिरवून पंख्याला जोडलेला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. म्हणून व्ही-ड्राइव्ह. आत प्रशस्त, बारा-चौदा माणसं, वर टॉवर, गाणी. मुळात या वेकबोर्ड आणि वेकसर्फसाठी, म्हणजे नावेमागच्या लाटेवरच फळी घेऊन खेळायच्या खेळांसाठी. लाट मोठी करायलाच केलेल्या, वर पाण्याच्या टाक्या भरून आणखी वजन घालायची सोय. जावयाचं मन यावरच बसलं होतं, संध्याकाळी मित्रमंडळी येतात म्हणे. मी म्हटलं, मित्रांना अंगणात खुर्च्या टाका.

एक सांगून ठेवतो, त्या मोठ्या लाटांचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो. मिनेसोटा विद्यापीठाची सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळा आमच्या धंद्यात नावाजलेली. त्यांनी २०२२ मध्ये मोजमापं घेऊन सांगितलं की वेकसर्फच्या नावांनी काठापासून निदान ५०० फूट लांब राहावं, तेव्हा कुठं त्यांची लाट काठाशी पोचेस्तोवर साध्या नावेच्या लाटेएवढी उरते. आपल्या मातीच्या धरणांना आम्ही दगडी पिचिंग घालतो ते यासाठीच. उतारावर दगडांत लाट मोडते. तळ्याकाठी उभी सिमेंटची भिंत बांधली की लाट मोडत नाही, परत येते आणि पट्ट्यातलं पाणी खवळून ठेवते. मुलीच्या शेजाऱ्यानं तशीच भिंत बांधलीय. त्याला आता काय सांगणार!

नाव बघायला जाल तेव्हा लेकराला, त्याच्या स्कीला आणि २३, १८.२५, १६ ची दोरी घेऊन जा. बरेच खेळाडू सांगतात की काही नावांना १६ मीटरच्या दोरीवर नेमकं एक टेकाड लागतं, आणि पोरगं दोन-तीन वर्षांत तिथं पोचणारच. विक्रेता म्हणेल, पन्नासला दाखवतो. म्हणा, चाळीसला दाखवा, मग त्रेचाळीस, मग सेहेचाळीस. जीपीएसवर वेग धरणारी यंत्रणा हवीच. हातानं वेग सांभाळणारा बाप पोराकडं मागं बघतो, वेग तीनानं खाली जातो आणि लाट चढते.

सरळ चालण्याची तारीफ फार ऐकाल. तळाच्या पात्या, सुकाणू, सगळं खरंय. ऐंशी किलोचा माणूस वळणावर नावेला बाजूला खेचतो, तिथं ते लागतं. पंचवीस किलोचं लेकरू नावेला काय खेचणार? त्याच्यासाठी त्या पैशांत मऊ लाट घ्या.

वजनाचं मात्र विसरू नका. रिकामी नाव दाखवली जाते आणि घरची माणसं घेऊन वापरली जाते. आई, आजी, शेजारची दोन पोरं, थंड पेयांचा डबा, शंभर लिटर पेट्रोल म्हणजेच पंचाहत्तर किलो. हे सगळं मागच्या बाकावर बसलं की स्पर्धेची नावसुद्धा बूड टाकते. दोन माणसं पुढं पाठवली की फरक डोळ्यांना दिसतो. फार पुढंही नको, नाक रुतलं की नाव हेलकावते. आणि डावी-उजवी सारखी ठेवा. चालक उजवीकडं बसतो, तर निरीक्षकाला, म्हणजे मागं पोरावर नजर ठेवणाऱ्याला, डावीकडं बसवा. नाव कलली की एका बाजूची लाट कडक होते आणि पोरगं म्हणतं, मला डावं वळण येतच नाही.

आता तुमचा प्रश्न मला माहीत आहे: हे आपल्याकडं कधी? नाथसागराचं नाव लगेच निघेल. पैठणचं धरण, दहा किलोमीटरच्या आसपास भिंत, सत्तावीस दरवाजे, समोर समुद्र वाटावा असं पाणी. पण ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, रोहित पक्षी येतात तिथं, आणि काठाचा बराच भाग उथळ. तिथं हा खेळ नको, परवानगी मिळाली तरी नको, असं माझं मत. माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी यांचं पाणी पिण्याचं आणि शेतीचं. जलसंपदा खात्याची परवानगी, नावेची नोंदणी हे तर आहेच. पण मोठी अडचण पातळीची. पावसाळ्यानंतर जिथं बोया बांधाल तिथं एप्रिलमध्ये टरबुजाची वाडी असते. शिवाय पाणी उतरलं की तीच नाव वेगळी लाट देते, कारण तळ जवळ आला की पाण्याची चाल बदलते. वर्षभर पातळी धरून ठेवलेलं खोदीव तळं असेल तर बोलू.

प्रश्न विचारा. हं, ताई, बोला... त्यांची नात ह्यूस्टनला आहे, नऊ वर्षांची, आणि नाव आधीच घेतलीय, व्ही-ड्राइव्ह. आता काय, विकायची का?

नाही हो, लगेच विकू नका. पाण्याच्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा, तळाशी अर्धी राहिली तरी शे-दोनशे किलो असतं. पाठीमागच्या तळाला हलणारी पट्टी असेल तर ती खाली करा. बूड उचलतं, नाक बसतं. पट्टी किती ते लेकरू मागं असताना थोडं थोडं करून ठरवा. आत चालक आणि निरीक्षक, बाकीची मंडळी काठावर. दोरी २३ मीटरची, कारण मागं जाईल तसे ते दोन बांध पसरतात आणि बसतात. जरा सराव झाला की ३६ वरून ४० वर न्या, तिला जमत असेल तरच. बोयांचा पट्टा सध्या राहू द्या, नुसतं लाटेच्या या बाजूहून त्या बाजूला वाकून जाऊ द्या. आणि सुनेला सांगा, व्हिडिओ काढताना लेकराच्या तोंडावर नको, स्कीवर कॅमेरा धरा. लाटेच्या आधी स्की सपाट होतेय का, तेवढं मला पाठवा. मी बघतो.