दादा डावीकडेच का चावतोय?

नमस्कार! आज गोष्ट पोळीपासून सुरू होते.

माझा दादा ३४ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षम. शब्द पाच-सात. मागच्या वर्षी तो उजव्या गालावर बुक्क्या मारून घ्यायला लागला, रात्र रात्र ओरडायचा. ओपीडीला न्यायचं म्हणजे साडेतीन तास एसटी, दोन तास बाकडं, आणि आत गेल्यावर दादा मान खाली घालून गप्प. "अशा मुलांमध्ये हे असतंच," म्हणत गोळी वाढायची. तीनदा वाढली.

मग दुसऱ्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल सुरू केला. त्या आधी दादाशी बोलल्या, मग मला म्हणाल्या, "ताई, फोन डब्यांना टेकवून ठेवा आणि त्याला जेवू दे." पाच मिनिटं नुसत्या बघत होत्या. मग विचारलं, "हा प्रत्येक घास डावीकडेच का चावतोय?"

उजवीकडची दाढ किडली होती. तीस वर्षं त्याला भरवणाऱ्या आमच्या लक्षात आलं नाही!

बोलता येत नाही, त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं. दात, कान, बद्धकोष्ठता. आणि आपण ते थेट अपंगत्वाच्या खात्यावर मांडतो.

अर्थात दाढ फोनवर दिसली नाही, त्यासाठी दंतवैद्यच लागला. रिस्पेरिडोनसारख्या, म्हणजे असं वागणं शांत करायला देतात त्या गोळीने वजन आणि साखर वाढू शकते, म्हणून वजनकाटा आणि रक्ततपासणी सुटत नाही.

नियमांचं थोडक्यात. टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचाराची, मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळी, शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येते. ती फोनवरून लिहून देता येत नाही, तिथे भांडून उपयोग नाही. आणि डॉक्टरच माहीत नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

कॉलआधी एक वही करा. मारून घेण्याआधी काय घडलं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. आमच्या वहीत "जेवणानंतर" सात वेळा लिहिलेलं सापडलं, नंतर. जमलं तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. त्यासाठी घर आवरू नका, त्याला नवा शर्ट घालू नका. नेहमीचंच दिसू दे.

कॉल बंद करायचं लाल बटण आमच्याकडे दादाच दाबतो. कधीकधी डॉक्टरांचं वाक्य अर्धंच राहतं, मग मी परत लावते.