ठाण्याच्या डायरीत न उतरलेली गोष्ट

मंडळी, पोलिसी अत्याचार म्हटलं की डोळ्यांपुढे काठी आणि पट्टा येतो. फौजदारी वकिली करताना माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीवर खिळत गेलं. मार पडण्याआधी, पैसे मागितले जाण्याआधी बहुतेक वेळा एक गोष्ट घडलेली असते: कुणीतरी लिहायचं टाळलेलं असतं. कुठे फिर्याद लिहिलेली नसते, तर कुठे ताब्यात घेतलेल्या माणसाचं नाव डायरीत चढवलेलं नसतं. आज मी या न लिहिण्याबद्दल बोलणार आहे.

फिर्यादीपासून सुरुवात करू. माणूस ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार सांगतो, साहेब राउंडला गेलेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी कळतं की हद्द आमची नाही. तिसऱ्या दिवशी साधा अर्ज ठेवून घेतात, किंवा गुन्हा दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येईल असा असूनही एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा कागद हातात देतात. खिशातून मोबाईल मारला गेला असेल तर 'गहाळ झाला' असं लिहायला सांगतात. त्या एका शब्दाने चोरीही संपते आणि तपासही.

याचं एक कारण आकड्यांत आहे. हद्दीतले गुन्हे वाढले की वरून विचारणा होते. गुन्हे कमी करणं अवघड, नोंदी कमी करणं सोपं. पण मला जास्त गंभीर वाटतं ते दुसरं कारण. एफआयआर झाला की तो न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो, त्याला क्रमांक मिळतो, तपासाचा हिशोब द्यावा लागतो. तोपर्यंत ती तक्रार ठाण्यातल्या माणसाच्या हातात असते. तो फिर्यादीला म्हणू शकतो, 'गुन्हा दाखल करून घ्यायचा असेल तर बघा.' ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही बोलावून म्हणू शकतो, 'दाखल होऊ द्यायचा नसेल तर बघा.' दोन्हीकडून घेता येतं आणि मागे काहीच राहत नाही. 'मिटवून टाका' या सल्ल्यामागे पुष्कळदा हा सौदा असतो. पैसे नसलेला माणूस त्यात हरतोच, मग तो फिर्यादी असो की आरोपी.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार घेऊन बाप ठाण्यात गेला होता आणि गुन्हा वेळेवर नोंदवला गेला नव्हता. न्यायालयाने सांगितलं, माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. मिळालेली माहिती स्टेशन डायरीतही उतरली पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने हद्दीचा बहाणाही काढून घेतला. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा. लोक याला झिरो एफआयआर म्हणतात. प्रत लगेच आणि विनामूल्य द्यायची. मात्र याच कलमाने तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने, 14 दिवस प्राथमिक चौकशीची सवलत दिली आहे. मला ही सवलत धोक्याची वाटते. सौदा होतो तो नेमका याच दिवसांत.

आता ताब्याकडे वळतो. घरच्यांना सांगितलं जातं, 'चौकशीला नेतोय, अर्ध्या तासात सोडतो.' संविधानाच्या अनुच्छेद 22 प्रमाणे अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. पण अटक कागदावर दाखवलीच नाही तर हे 24 तास मोजायचे कुठून? परवा रात्री उचललेल्याची अटक आज दुपारी दाखवली जाते. मधल्या वेळात तो कायद्याच्या दृष्टीने कुठेच नसतो. मारहाण होते ती याच वेळात. सुटकेसाठी घरच्यांनी दागिना मोडलेलाही याच वेळातला.

पश्चिम बंगालच्या कायदेविषयक मदत संस्थेचे डी. के. बसू यांनी 1986 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. निकाल आला डिसेंबर 1996 मध्ये. त्यातले नियम पाहिले तर बहुतेक सगळे लिहिण्याचे आहेत. अटकेच्या कागदावर तारीख आणि वेळ हवी, साक्षीदाराची सही हवी, अटक झालेल्याचीही हवी. नातेवाइकाला कळवल्याची नोंद डायरीत हवी. अंगावरच्या जखमा तपासून लिहायच्या, कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करायची. न्यायालयाने दुखण्याची जागा बरोबर ओळखली होती.

तरीही जून 2020 मध्ये तमिळनाडूतल्या सातानकुळमला एक बाप आणि त्याचा मुलगा पोलिसांच्या मारहाणीनंतर मरण पावले. टाळेबंदीत दुकान ठरल्या वेळेनंतर उघडं ठेवलं, असा आरोप होता. इथे कागद होते, पण खोटे. कोठडीत पाठवायला प्रकृती ठीक असल्याचा दाखलाही होता. उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने चौकशीसाठी पाठवलेल्या दंडाधिकाऱ्याला ठाण्यात आढळलं की सीसीटीव्हीचं चित्रण रोज आपोआप पुसलं जाईल अशी व्यवस्था केलेली होती. सत्य उभं राहिलं ते त्याच ठाण्यातल्या एका महिला हेड कॉन्स्टेबलच्या जबाबामुळे. रात्रभर मारहाण झाली, काठ्यांवर आणि टेबलावर रक्त होतं, असं तिने सांगितलं. सही करताना ती घाबरली होती. तरी तिने केली. पोलिसांवर बोलताना मी या बाईंचा उल्लेख केल्याशिवाय राहत नाही. खात्यात अशी माणसं आहेत. लांबलेल्या ड्युट्या, रद्द होणाऱ्या रजा आणि वरच्यांची मर्जी यांत त्यांचाही जीव घुसमटतो. त्यामुळे कोठडीतला मार क्षम्य ठरत नाही.

त्याच वर्षी 2 डिसेंबरला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला सांगितलं. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, सगळीकडे. चित्रण 18 महिने जपायचं, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर. कागदावर हे फार मोठं संरक्षण आहे. प्रत्यक्षात प्रसंग घडला की कॅमेरा बंद होता असं उत्तर येतं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नाची पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. बंद कॅमेऱ्याबद्दल त्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरलं जात नाही, तोवर कॅमेरे बंदच पडत राहतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपण काय करायचं, हे मला नेहमी विचारतात. ठाण्यात तोंडी बोलून परतू नका. तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. घेतली नाही तर तीच पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तालयाला, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. त्यानंतरही हालचाल झाली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे ती पावतीच तुमच्या बाजूने बोलते.

लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. पैसे देण्याआधी तिथे कळवणं सर्वांत चांगलं. दबावाखाली देऊन बसला असाल तरी सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातली 2018 ची दुरुस्ती तेवढी मुदत देते. सात दिवस उलटले की देणाराही गुन्हेगार ठरू शकतो. या भीतीनेच कित्येक जण कायमचे गप्प बसतात.

आणि घरच्या माणसाला कुणी उचलून नेलं तर वकील मिळेपर्यंत थांबू नका. नेलं ती वेळ, गाडीचा क्रमांक, गणवेशावरचं नाव लिहून काढा आणि त्याच रात्री नियंत्रण कक्षाला 112 वर फोन करा, म्हणजे फोनची वेळ तिथे नोंदली जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातलं चित्रण जपून ठेवावं, असा लेखी अर्ज तारीख-वेळेसह द्या. उद्या कॅमेरा बंद होता असं कुणी सांगितलं, तर तो नेमका कधी बंद पडला आणि तशी नोंद कुठे आहे, हे मला उलटतपासणीत त्याच अर्जाच्या आधारे विचारता येतं.