टिपरू, काडी आणि १२८ पायऱ्या

[दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. शेडमध्ये चालू यंत्रमाग. काही वेळ फक्त मागांचा आवाज.]

शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी नुसता गोंगाट कानावर आदळतो. थोडा वेळ उभं राहिल्यावर कळतं की प्रत्येक मागाची चाल जरा वेगळी आहे. शेजारच्या दोन मागांचे ठोके एकावर एक पडतात, हळूहळू सुटतात आणि काही वेळाने पुन्हा गाठ घेतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. कित्येकांच्या तर घरातच माग असतो.

अशाच एका घरातला एक तरुण बीट बनवतो. त्यात शब्द नसतात, बऱ्याचदा चालही नसते. असतो तो ठेका, आणि त्या ठेक्याचा सतत बदलत जाणारा पोत. त्याच्या खोलीत लॅपटॉप आहे, एक छोटा मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून विजेतून आवाज घडवायचं यंत्र, आहे आणि कोपऱ्यात खुंटीला हलगी टांगलेली आहे.

हलगीवर काठी पडते तिथेच आवाज निघतो. इलेक्ट्रॉनिक संगीतात मात्र हात एकीकडे लागतो आणि आवाज दुसरीकडे तयार होतो. मधल्या दुव्याला कंट्रोलर म्हणतात. त्याला हाताचं जेवढं कळतं, तेवढंच संगीतात उतरतं.

[दृश्य: गणपतीची मिरवणूक. पुढे लेझीम, मागे ट्रॉलीवर बेंजो पार्टी. ऑक्टोपॅडवर काठ्या पडतात.]

सोलापूरला कंट्रोलर नवा नाही. मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीचा ऑक्टोपॅड आठवा. रोलंड कंपनीने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड काढला, तेव्हा त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड होते, आणि कुठल्या पॅडवर किती जोरात काठी पडली हे ते दुसऱ्या यंत्राला कळवत. लॅपटॉप घरात येण्याच्या कितीतरी आधी आपल्या वाजंत्र्यांनी हे तंत्र हातात बसवलं. त्याला कुणी प्रयोगशील संगीत म्हटलं नाही, पण म्हणायला हवं होतं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. तारांनी भरलेले सिंथेसायझर.]

१९६० च्या दशकात अमेरिकेत दोघांनी साधारण एकाच सुमारास व्होल्टेजवर चालणारे सिंथेसायझर बांधले. रॉबर्ट मूग यांच्या यंत्राला पियानोसारखा कीबोर्ड जोडला गेला. डॉन बुकला यांनी कीबोर्ड टाळला आणि बोट टेकताच व्होल्टेज देणारे धातूचे पत्रे बसवले. कीबोर्ड समोर असला की बोटं आपोआप बारा स्वरांकडे वळतात. बुकलांच्या यंत्रापुढे बसणाऱ्याला तो आधार नव्हता, म्हणून तो आवाजाच्या पोताकडे वळला. दोन्हीकडे विजेचं तत्त्व सारखंच होतं, तरी संगीत निराळं निघालं.

आपल्या देशात १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग यांचा सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई यांनी त्यावर काम केलं. पुढे १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंडची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ३०३ खरं तर गिटारवाल्यांना बासची साथ मिळावी म्हणून बनवलेला डबा. त्या कामात तो फारसा चालला नाही. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, ती रागाला मानवली. शिकागोच्या फ्युचर या गटाचं १९८७ सालचं काम ऐका: ३०३ चा बास तोच तोच फिरत राहतो आणि वाजता वाजता फिल्टरचा, म्हणजे आवाज उजळ किंवा मंद करणारा, नॉब फिरवला जातो. ॲसिड हाउस ही नाचाच्या संगीताची शैली त्या नॉबमधून जन्मली.

[दृश्य: चादरीचा माग. जकार्डची छिद्रं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं सरकतात. मग १६ दिव्यांचा सिक्वेन्सर.]

सोलापुरी चादरीवरचा मोर या कार्डांतून उमटतो. जिथे छिद्र तिथे धागा उचलला जातो. स्टेप सिक्वेन्सरचंही तसंच: १६ घरं, दिवा लागला तिथे ठोका. सोय मोठी आहे, धोकाही तेवढाच. सगळे ठोके घरांच्या मधोमध बसले की बीट निर्जीव होतो. रॉजर लिन यांनी त्यांच्या ड्रम मशीनमध्ये स्विंगची सोय दिली, म्हणजे प्रत्येक दुसरा ठोका थोडा उशिरा. १९८८ साली त्यांनी आकाई कंपनीसाठी घडवलेल्या एमपीसी-६० वर बोटांनी वाजवायचे १६ पॅड आले, आणि हिपहॉपच्या बीटमध्ये माणसाचा हात ऐकू येऊ लागला.

[दृश्य: खोली. हलगी शेकली जाते. कड्यावर चकती चिकटवली जाते.]

आता या खोलीत काय चाललंय ते जवळून पाहू.

हलगी वाजवायला गल्लीतले एक ज्येष्ठ वादक, सगळ्यांचे मामा, आले आहेत. त्यांच्या एका हातात जाड, आखूड टिपरू आहे आणि दुसऱ्यात लांब, बारीक काडी. हलगीच्या कड्यावर पिझोची चकती चिकटवली आहे. आधी ती कातड्यावरच लावली होती, पण हलगी शेकली की गोंद सुटायचा. चकतीला धक्का बसला की व्होल्टेज निर्माण होतं, छोटा सर्किट बोर्ड ते मोजतो आणि मिडीचा संदेश पाठवतो.

मिडी ही यंत्रांनी एकमेकांशी बोलायची १९८३ सालची पद्धत. एका ठोक्याचा संदेश जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि ठोक्याचा जोर ० ते १२७ अशा १२८ पायऱ्यांत मोजला जातो. टिपरू मध्यावर पडलं की कडेला, काठी जाड होती की बारीक, हे त्या संदेशात कुठेच नसतं.

दुसरी अडचण आणखी चिवट आहे. एका ठोक्यानंतर कडं थरथरत राहतं आणि बोर्डाला दोन ठोके पडल्यासारखे वाटतात. त्यावर उपाय म्हणजे एक ठोका मिळाला की पुढचे काही मिलिसेकंद काहीच मोजायचं नाही. पण काडीचे ठोके इतके दाट पडतात की नेमके तेच त्या वेळेत गडप होतात. वेळ कमी केली की भुताटकीचे ठोके, वाढवली की काडी मुकी.

"मामा, काडी जरा हळू वाजवा की."

"हळू कसं वाजवू? हात तापलाय आता."

मामांचं बरोबर आहे. यंत्रासाठी हात मंद करायचा असेल तर हलगी आणायचीच कशाला? इंटरनेटवर हलगीचे तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायचे तुकडे, मिळतात, एकसारखे आणि निर्दोष. त्यावर बनलेले बीट आम्ही पुष्कळ ऐकले. त्यात हलगीचा आवाज असतो, हलगीवाला नसतो.

म्हणून या तरुणाने काडीला मिडीतून बाहेर काढलं. काडीसाठी वेगळा मायक्रोफोन लावला आणि तो आवाज थेट मॉड्युलरच्या एन्व्हलप फॉलोअरमध्ये सोडला. आवाज जसा चढतो-उतरतो तसं व्होल्टेज चढतं-उतरतं. ते व्होल्टेज फिल्टर उघडतं. इथे पायऱ्या नाहीत, मोजणी नाही. काडी दाट झाली की बास उजळतो, विरळ झाली की मंदावतो.

टिपरू मात्र पिझोवरच राहिलं, कारण त्याला दुसरं काम दिलंय. एरवी यंत्राचं घड्याळ चालतं आणि वादक त्याच्या मागे जातो. इथे टिपरूचा प्रत्येक ठोका सिक्वेन्सरला एक घर पुढे ढकलतो. मिरवणुकीत लय चढते तशी मामांनी लय चढवली की यंत्रालाही चढावं लागतं. ते थांबले की सिक्वेन्सर त्याच घरात उभा राहतो.

[दृश्य: वादन. निवेदन थांबतं.]

सिक्वेन्सरच्या एका ओळीत १६ घरं आहेत, दुसरीत १५. टिपरूवर दोन्ही एकदमच पुढे सरकतात, पण १५ घरांची ओळ दर फेरीला एक घर आधी संपते. मागांसारख्याच त्या सुटत जातात आणि २४० ठोक्यांनी पुन्हा एकत्र येतात. मामांना हा आकडा कुणी सांगितलेला नाही. तरी ती गाठ जवळ आली की ते काडी आवरती घेतात आणि टिपरू जोरात मारतात.