मॅक्स स्टायनरचे कागद आणि ‘१२-४’चा घोळ

नमस्कार मंडळी!

एकच प्रश्न सारखा येतोय. जुन्या हॉलिवूड संगीतकारांच्या हस्तलिखितांवर वरच्या कोपऱ्यात ‘१२-४’, ‘१३-२’ असे आकडे दिसतात. ते कसले? आज तेच बघू, आणि उदाहरणाला मॅक्स स्टायनर घेऊ.

ओळख झटपट उरकतो. जन्म व्हिएन्ना, १८८८. १९१४ मध्ये न्यूयॉर्क, मग पंधराएक वर्षं ब्रॉडवे, १९२९ च्या अखेरीस हॉलिवूडची आरकेओ कंपनी, पुढे वॉर्नर ब्रदर्स. ‘किंग काँग’ १९३३ चा, ‘गॉन विथ द विंड’ १९३९ चा, ‘कॅसाब्लांका’ १९४२ चा. तीन ऑस्कर. निधन १९७१. त्याचे कागद आज अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

आता कागदांकडे या. अनेकांना वाटतं, संगीतकाराचे कागद म्हणजे पूर्ण वाद्यवृंदाचा सुबक स्कोअर, म्हणजे प्रत्येक वाद्याचे सूर लिहिलेली स्वरलिपी. तसं नाही. स्टायनर पेन्सिलीने खर्डा करायचा. पाच रेघांच्या तीन-चार ओळी एकाखाली एक, त्यात सुरावट, हार्मनी, आणि कुठलं वाद्य कुठे वाजेल याच्या खुणा. त्यावरून पूर्ण स्कोअर उतरवायचं काम अरेंजरचं. ह्यूगो फ्रीडहोफर हा त्याचा भरवशाचा अरेंजर. त्याच्यासाठी समासात सूचना आहेत, आणि चक्क विनोदही.

खर्डा इतका मोलाचा का? कारण पूर्ण स्कोअर आणि वादकांचे कागद स्टुडिओच्या मालकीचे असायचे. एमजीएम या हॉलिवूडच्याच स्टुडिओने १९७० च्या सुमारास आपल्या संग्रहातले असे ढीगभर कागद फेकून दिले. हे आठवलं की आजही जीव हळहळतो. खर्डा शिल्लक असेल तर संगीत पुन्हा उभं करता येतं. ‘किंग काँग’चं संगीत जॉन मॉर्गनने असंच नव्याने उभं केलं आणि मॉस्को सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते ध्वनिमुद्रित केलं.

आणि असं उभं करताना माणसं अडखळतात ती नेमकी ‘१२-४’ला. नीट ऐका.

(पडद्यावर: १२-४ = बारा पूर्णांक चार अष्टमांश)

क्लिक ट्रॅक म्हणजे वादकांच्या कानात वाजणारी टकटक. दोन टकटकींमध्ये फिल्मच्या किती फ्रेम जातात, ते हा आकडा सांगतो. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम धावते, म्हणजे मिनिटाला १४४०. म्हणून १४४० भागिले फ्रेम, की मिनिटाचे ठोके मिळाले. १२-० म्हणजे १२० ठोके. १६-० म्हणजे ९०.

मग १२-४? बारा दशांश चार नव्हे! डॅशनंतरचा आकडा आठव्या भागांत असतो. चार अष्टमांश म्हणजे अर्धा. १२.५ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ११५.२ ठोके.

आठच भाग का? ३५ मिमी फिल्मच्या प्रत्येक फ्रेमला एका कडेने चार भोकं असतात. टकटकीची खूण भोकाशी पाडा किंवा दोन भोकांच्या मधोमध. चार दुणे आठ जागा. दहा जागा कधी नव्हत्याच, मग दशांश येणार कुठून?

“एवढ्याने काय बिघडतं?” असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब. १२.५ ऐवजी १२.४ धरलं की दर ठोक्याला ०.१ फ्रेम कमी. १०० ठोक्यांत १० फ्रेम, म्हणजे जवळजवळ ०.४२ सेकंद. स्टायनर पडद्यावरच्या पावलापावलाला सूर जुळवणारा माणूस. त्याच्या संगीतात सूर आधी आणि पाऊल नंतर असं झालं, तर सगळा डौलच गेला.

दुसऱ्या बाजूने बघा. डॅशनंतर ८ किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, तर तो क्लिक नाहीच. ते फिल्मच्या लांबीचे फूट आणि फ्रेम आहेत. एका फुटात १६ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. ‘४५-८’ म्हणजे साडेपंचेचाळीस फूट, म्हणजे सुमारे ३०.३ सेकंद. क्लिकच्या डॅशपुढे ० ते ७ एवढेच आकडे येऊ शकतात.

तरी शंका उरली, तर तिसरा उपाय: मापं, म्हणजे स्वरलिपीतल्या उभ्या रेघांमधले बार, मोजा. समजा, तुकडा चार ठोक्यांच्या ३२ मापांचा आहे आणि क्लिक १२-० आहे. १२८ ठोके, ६४ सेकंद. क्यू शीटवर, म्हणजे संगीताच्या तुकड्यांच्या वेळांच्या यादीवर, १ मिनिट ४ सेकंद असेल तर वाचन बरोबर. नसेल, तर आधी बघा, एखादं माप मोकळं सोडून ‘अमुक मापाप्रमाणे’ असं लिहिलंय का. वेळ वाचवायला अशी पुनरावृत्ती आकड्यांनी दाखवतात. ती मापं मोजायची राहिली, की हिशेब चुकलाच.

“आपल्याकडे असे कागद का नाहीत?” हाही प्रश्न आलाय, आणि तो मनाला लागतो. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत संगीतकाराची चाल पाच रेघांवर उतरवणारे किती तरी अरेंजर गोव्याचे होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावं तुम्ही ऐकली असतील. कामाचे कागद होते की! पण रेकॉर्डिंग झालं की त्यांचं काम संपलं असं धरलं गेलं. कुणाच्या घरी माळ्यावर अशा वह्या असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. पानांचा क्रम मोडू नका, लॅमिनेशन करू नका, गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा, आणि चित्रपटाचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा.

आणि परदेशातल्या संग्रहाला पत्र लिहिणार असाल, तर नुसतं ‘स्टायनरचं संगीत हवं’ असं लिहू नका. चित्रपट, रीळ क्रमांक, भाग क्रमांक लिहा. कागद संग्रहाकडे असले तरी संगीताचे हक्क बहुधा स्टुडिओकडे असतात, त्यामुळे वाचायला मिळतं, पण प्रतीसाठी वेगळी परवानगी लागू शकते. ती आधी विचारून घ्या.