छातीवरचं वाक्य बोलतं कोण?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘मानसिक आरोग्यावरच्या कपड्यांच्या ब्रँडचा आवाज’, म्हणजे असा ब्रँड कुठल्या शब्दांत आणि कुठल्या सुरात बोलतो ते. तो आवाज कसा ठरवायचा, त्याच्या नियमांची वही कशी लिहायची, हे सांगायचंच आहे. पण आधी एक विचारतो. टी-शर्टवर ‘मी थकलोय’ असं छापलं, तर ते बोलतं कोण? दुकान नव्हे, घालणारा बोलतो. कणकवली स्टँडवर एसटीची वाट बघताना, समोरच्या प्रत्येकाशी, मनात असो वा नसो. फलकावरचं वाक्य दुकानाचं असतं. कपड्यावरचं वाक्य गल्ला ओलांडला की गिऱ्हाइकाच्या तोंडचं होतं. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

आणि आपला मुलूख ओळखीचा. स्टँडवर बाजूला बसलेला माणूस तुमच्या काकांना ओळखत असतो. कोणाची टिंगल करायची तर मुंबईकर ठाण्याचं नाव घेतो, पुणेकर येरवड्याचं आणि आपल्याकडे रत्नागिरीचं. तिथं मनोरुग्णालय आहे म्हणून अख्ख्या शहराच्या नावाचा टोमणा झाला. तो ऐकत वाढलेल्या मुलाच्या छातीवर ‘होय, मी वेडा’ छापायचं, म्हणजे धाडस आपलं आणि भोगायचं त्यानं.

आता ‘थकलोय’ याच शब्दाकडे बघा. बाईला तो चालत नाही, तिला ‘थकलेय’ हवं. पाच साइझ आणि दोन रंग म्हणजे दहा प्रकारचा माल. क्रियापदाच्या लिंगापायी त्याचे वीस होतात आणि छोट्या दुकानात त्यातले बरेच पडून राहतात. शिवाय ज्याला यातलं एकही रूप आपलं वाटत नाही, तो हात हलवत परत जातो. म्हणून वाक्य असं बांधा की बोलणाऱ्याचं लिंग त्यात येतच नाही: ‘जरा वेळ हवाय’, ‘आज थोडं हळू’. मराठीत अशी वाक्यं भरपूर सापडतात, फक्त इंग्रजी वाक्य समोर ठेवून लिहायला बसू नये.

दुसरी चूक नकाराची. ‘मी एकटी नाही’ हे दोन ओळींत छापलं आणि खालची ओळ बॅगेच्या पट्ट्याखाली किंवा ओढणीखाली गेली, की वर उरतं ‘मी एकटी’. छपाईही दगा देते. प्लास्टिसोल, म्हणजे टी-शर्टवर छापायची प्लास्टिकसारखी शाई, तिचा थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत आतून तापला नाही, तर काही धुण्यांतच तडकतो. बारीक अनुस्वार, मात्रा, रफार यांची वाट आधी लागते. नमुना दहा वेळा धुवा. मग वाक्याचा एकेक भाग हातानं झाकून उरलेलं मोठ्यानं वाचा. उरलेलं बोचत असेल तर ते वाक्य बाद.

आवाजाचा नमुना शोधायला लांब जायला नको. गाऱ्हाणं आठवा. एक जण सगळ्यांचं दुखणं देवापुढे मांडतो आणि बाकीचे काय म्हणतात? बरोबर, ‘व्हय म्हाराजा!’ मध्येच कोणी ‘तू फार विचार करतोस’ म्हणत नाही, उपाय सुचवत नाही. ब्रँडचा सूर त्या ‘व्हय’चा असावा.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा वहीचं भराभर सांगतो. तिचे तीन भाग करा. छातीवर चार शब्दांपर्यंत, आजाराचं नाव नको. गळ्याच्या आतल्या लेबलवर घालणाऱ्याशी खासगी बोलणं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिथं, छातीवर नव्हे. तिसरा भाग बिल आणि व्हॉट्सॲपचा. तिथं दुकान स्वतः बोलतं, म्हणून ‘तुम्ही’, कारण गिऱ्हाईक सतराचं असेल किंवा सत्तरचं.

नको असलेल्या शब्दांची यादी कारणांसह लिहा. ‘सगळं ठीक होईल’ नको, तसं वचन देणारे आपण कोण? ‘ताण घालवणारा शर्ट’ तर मुळीच नको. सुती कापड ताण घालवत नाही आणि फसव्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकाचा अनुभव छापायचा तर लेखी संमती घ्या आणि ती मागे घ्यायची मुभा ठेवा. प्रत्येक वाक्य एका मानसोपचारतज्ज्ञाला आणि आजारातून गेलेल्या दोघांना दाखवा, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन.

शेवटचं पान सर्वांत आधी लिहा. रात्री एक वाजता ऑर्डरच्या नंबरवर ‘जगावंसं वाटत नाही’ असा मेसेज येईल आणि आपोआप उत्तर जाईल, ‘धन्यवाद! दहा टक्के सवलत मिळवा.’ ते आपोआप जाणारं उत्तर आजच बंद करा. त्याऐवजी आळीपाळीनं एक माणूस फोनजवळ ठेवा आणि त्याच्या हाताशी हा मजकूर द्या: ‘तुमचा मेसेज वाचला. आत्ता जवळ कोणी आहे का? १४४१६ वर रात्रीही फोन उचलतात, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ लावा. मी इथंच आहे.’ खाली दुकानाचं बोधचिन्ह नको. लिहिणाऱ्याचं नाव टाका.