बैठकीला कोण आलं नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

कमावतं माणूस आजारी पडलं की मजुरी बुडते. औषधपाण्यासाठी कर्ज होतं, ते फेडताना खाण्यापिण्यात काटकसर होते आणि अशक्त शरीर पुन्हा अंथरूण धरतं. हे श्रीमंत देशांतही घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २००८ साली स्कॉटलंडमधलं उदाहरण दिलं होतं. ग्लासगोतल्या एका गरीब वस्तीत पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५४ वर्षं, आणि तिथून थोड्याच अंतरावरच्या सुखवस्तू भागात ८२!

अशा वेळी शेजारपाजारची माणसं एकत्र येऊन काय करू शकतात? नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यातल्या बायकांचं काम मला फार मोलाचं वाटतं. गावागावांत दर महिन्याला त्यांची बैठक भरायची. बैठक घेणारी बाई त्याच भागातली. चित्रांची कार्डं समोर ठेवून बोलणं सुरू व्हायचं: बाळंतिणीचे हाल कशानं होतात, तान्ही बाळं का दगावतात? मग उपायही त्याच ठरवायच्या. कुठे वर्गणी काढून निधी उभारला, कुठे अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला स्ट्रेचरची सोय केली, कुठे सुरक्षित बाळंतपणासाठी स्वच्छ साहित्य तयार करून घरोघरी पोचवलं.

२००४ साली या कामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बैठका झालेल्या भागांत पहिल्या महिन्याभरात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण इतर भागांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. आरोग्यसेवा तर दोन्हीकडे सुधारली होती. जास्तीची होती ती बैठक.

पुढे झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासीबहुल गावांतही अशा बैठका झाल्या, बालमृत्यू तिथेही घटले. मला सगळ्यात जास्त दिलासा देणारी गोष्ट म्हणजे सर्वांत वंचित घरांना त्याचा फायदा अधिक झाला. एरवी नवी सोय आली की आधी पोचते ती बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत.

म्हणून तुमच्याकडे असा गट असेल, तर हजेरीच्या वहीत नाव नसलेल्या बाईचा विचार आधी करा. एक दिवसाची मजुरी सोडणं तिला परवडत नाही. बैठक तिच्या कामानंतर, तिच्या घराजवळ ठेवा. ती येऊन बसली की निधीतून पहिली मदत कुणाला, हे तिच्या समोरच ठरेल.

नमस्कार.